अभिमनची चाल

पोलंडच्या माणसांना एप्रिल महिन्यात जळगावला बोलावू नये, एवढं शहाणपण मला आता आलेलं आहे. ते आलं तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता. पण दोष माझ्या एकट्याचा नाही. आमच्या कॉलनीच्या सांस्कृतिक मंडळानं तो ठराव एकमतानं मंजूर केला होता, आणि मंडळात एकमत होण्याची ती पहिलीच वेळ असल्यामुळे सेक्रेटरी या नात्यानं मी गहिवरून गेलो होतो. गहिवरलेल्या माणसानं परदेशी पत्रव्यवहार करू नये.

आमच्या शेजारी जीवराम आबा आणि धुरपदाबाई राहत. सावद्याकडचे केळीवाले. त्यांचा मुलगा अभिमन पोलंडात क्राकोव नावाच्या गावी खाणीचं इंजिनिअरिंग शिकायला गेला. परत आला की शहरात राहील, म्हणून त्यांनी आमच्या कॉलनीत प्लॉट घेऊन घर बांधलं. एका सुट्टीत येऊन तो त्या घरात राहून गेला. नंतर तिथल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरलेल्या एका ट्रकखाली तो सापडला. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. मळा भाऊबंदांवर सोपवून दोघं म्हातारी या घरात येऊन राहिली, कारण घराला कुलूप बघवत नाही असं धुरपदाबाई म्हणाल्या. भिंतीपलीकडून त्या तीन वर्षांत मोठ्यानं बोललेला एक शब्द मी ऐकला नाही. आबा तर मुलाचं नावसुद्धा घेत नसत.

तर एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे इंग्रजीत एक पत्र आलं आणि ते वाचायला माझ्याकडे आणलं गेलं. मी जिल्हा परिषदेत सीनियर क्लार्क असल्यामुळे माझं इंग्रजी उत्तम आहे असा कॉलनीचा समज आहे. तो दूर करण्याचं मला कधी कारण पडलं नाही.

पत्र हालिना नावाच्या मुलीचं होतं. ती व्हायोलिन वाजवायची. अभिमन राहायचा त्याच घरात खालच्या मजल्यावर तिची खोली होती. ती आणि तिचे दोन सोबती मुंबई आणि नागपूरला वाजवायला येणार होते, मधली एक संध्याकाळ मोकळी होती, आणि वाटेवर अभिमनचं गाव होतं. त्याच्या आईवडिलांसाठी वाजवायची तिची इच्छा होती. पोलंडचं शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं संगीत आणि थोडं आजकालचं, व्हायोलिन, चेलो म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, आणि पियानोवर. मोबदला नको. फक्त एक लहानसा शांत हॉल आणि सुरात लावलेला पियानो हवा. यातला हॉल आमच्याकडे होता. शांत, सुरात आणि पियानो या तीन गोष्टी नव्हत्या.

मी मराठीत सांगत गेलो. आबा फरशीकडे बघत बसले. धुरपदाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तो सुट्टीत आल्ता ना, तव्हा एक गानं म्हनायचा. दाढी करता करता, झाडाले पानी देता देता. मी पुसलं, हे काय रे? तं म्हने, आई, तिकडचं हाये. सकायी उठली का मले वाटतं, आता याद येईन. मंग नही येत." पदराचं टोक सोडून त्या म्हणाल्या, "तेवढं एक वाजवाले सांगा त्याहीले."

"अहो, त्यांच्याकडचं झाडून सगळं वाजवणार आहेत ते," मी म्हणालो. "त्यात ते येणारच."

हे मी कशाच्या जोरावर बोललो, मला ठाऊक नाही. पण धुरपदाबाईंनी मान डोलावली आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. त्या घरात माझ्यासाठी चहा टाकला गेला तो तीन वर्षांत प्रथमच. त्यानंतर "जळगावात पियानो नाही" असं पोलंडला कळवणं मला शक्य नव्हतं. "सर्व व्यवस्था होईल," असं मी कळवून टाकलं.

सर्व व्यवस्थेपैकी पहिली म्हणजे परवानगी. परदेशी कलावंत, जाहीर कार्यक्रम, त्यामुळे मला एका कचेरीतून दुसरीत आणि दुसरीतून परत पहिलीत पाठवण्यात आलं. मी स्वतः कचेरीतला माणूस असल्यामुळे हे सगळं समजून घ्यायची माझी तयारी होती. टेबलाच्या या बाजूला मात्र मी पूर्वी कधी उभा राहिलो नव्हतो. इथून सगळं वेगळं दिसतं.

"गाण्यांचे शब्द आणा," तिथले साहेब म्हणाले. "आक्षेपार्ह काही नाही ना, बघावं लागतं."

"शब्द नाहीत साहेब. नुसतं वाजवतात."

"शब्द नाहीत, मग आक्षेपार्ह नाही हे आम्ही कशावरून ठरवायचं?"

मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच विचारलं असतं. शेवटी साहेबांनीच मार्ग काढला आणि कार्यक्रमाची नोंद मूकनाट्य अशी केली. मूकनाट्याला शब्द नसतात याला आधार होता. आमच्या हॉलच्या दारावर परवानगीचा जो कागद लागला, त्यानुसार पोलंडहून तीन माणसं येऊन जळगावात न बोलता अभिनय करणार होती.

मग पियानो. कॉलनीत प्रत्येकाला पियानो कुठे आहे हे माहीत होतं आणि प्रत्येकाचा पियानो प्रत्यक्षात हार्मोनियम निघत होता. आमच्या महिला भजनी मंडळाच्या इंदिराबाई म्हणाल्या, "आमची पेटी आहे की. मोठी मागवायची कशाला?" मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते लागलं. मंडळाचं भजन आधी ठेवल्याशिवाय सतरंज्या मिळणार नाहीत, असा निरोप संध्याकाळी आला. सतरंज्या त्यांच्याकडे होत्या. भजन ठेवलं.

पियानो अखेर धुळ्याला सापडला. आग्रा रोडच्या मागच्या बाजूला एका वकिलांच्या विधवेकडे, सासऱ्यांनी हौसेनं घेतलेला. त्यावर कुटुंबाचे फोटो, लोणच्याची बरणी आणि वाळत घातलेल्या शेवया होत्या. मी बसून अभिमनची हकीकत सांगितली. बाई उठल्या, शेवया उचलल्या, फोटो उचलले आणि म्हणाल्या, "न्या. लेकरासारखा न्या आणि लेकरासारखा परत आणा."

लेकरू चार माणसांना उचलेना. शेवटी धुळ्यात केळी उतरवून रिकामा जळगावला निघालेला एक ट्रक मिळाला. ड्रायव्हर शिंदखेड्याकडचा रुपचंद, सोबत त्याचा क्लीनर गफूर. लेकरासारखा न्यायचा, हे मी दोघांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

"भाऊ, दिल्लीलगून केळी लई जास मी," केळी थेट दिल्लीपर्यंत पोचवणारा रुपचंद म्हणाला. "एक फणी काळी पडत नही. तुम्ही बिनघोर ऱ्हा."

गफूरनं ट्रकमधल्या केळीच्या पानांची जाड गादी केली. पियानो तिच्यावर ठेवून बाजूंनी पानं खोचली, वरून पानं झाकली, दोर आवळला. इतक्या मायेनं केलेलं काम मी आमच्या खात्यात पाहिलेलं नाही. माझे डोळे भरून आले. मला केबिनमध्ये बसा म्हणाले. पण सांस्कृतिक मंडळाच्या सेक्रेटरीनं केळीच्या ट्रकमधून शहरात शिरणं बरं दिसलं नसतं. मी एसटीनं आलो.

ट्रक दुपारी कॉलनीत शिरला. बायकांनी ओवाळायला ताट आणलं होतं. नवं यंत्र आलं की आपण नारळ फोडतो, तसा कोणी पियानोवर फोडू नये म्हणून मी आडवा उभा राहिलो होतो. तेव्हा माझी सगळी काळजी त्या नारळापुरतीच होती.

रुपचंदनं दोर सोडला आणि अभिमानानं माझ्याकडे पाहिलं. "दोन येळा पानी मारं, भाऊ. पारोळाले एक आनि एरंडोलले एक. बठ्ठं गार शे. हात लाई देखा."

मी हात लावून पाहिला. खरोखर गार होता.

"अंदरभी मारा साब," गफूर म्हणाला, "ढक्कन खोलके."

त्रेचाळीस डिग्रीत नाजूक माल न्यायचा तर त्याला ओला ठेवायचा, हे दोघांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. जे सर्वात चांगलं माहीत होतं तेच त्यांनी केलं होतं. ट्रकच्या फळीतून अजून पाणी ठिबकत होतं. मी दोघांना सरबत दिलं आणि आत जाऊन बसलो. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "गार आहे." ती काय समजायचं ते समजली.

पियानोची पट्टी दाबली की ती खालीच राहायची. दुसरी दाबली की शेजारच्या दोन सोबतीला जायच्या. कॉलनी जमली. कोणी म्हणालं, कूलर लावा. लावला. कूलरमध्ये पाणी असतं हे तासाभरानं कोणाच्या तरी लक्षात आलं. कोणी म्हणालं, तांदळाच्या पोत्यात ठेवा. पोतं पियानोच्या मानानं लहान पडलं. अखेरीस सर्वांनी मिळून तो उन्हात ठेवला, पापड वाळवतात त्या पत्र्याच्या कडेला. एप्रिलच्या उन्हात आमच्याकडे पापड तासाभरात वाळतात. पियानो दुसऱ्या दिवशी दुपारी वाळला. आतून लाकूड फाटल्याचा मोठा आवाज आला आणि मागोमाग तारा बराच वेळ नुसत्या घुमत राहिल्या. त्या पियानोतून जळगावात निघालेलं संगीत तेवढंच. धुळ्याच्या बाईंना मी पुढे काय सांगितलं, तो विषय मी इथे काढणार नाही.

त्या संध्याकाळी धुरपदाबाई कुंपणाशी आल्या. वाळलेल्या पियानोकडे बघून म्हणाल्या, "ह्याच्याशिवाय व्हईन का ते?"

"होईल," मी म्हणालो. या प्रकरणात मी किती वेळा "होईल" म्हणालो असेन.

पाहुणे आले. हालिना तिशीची, सडसडीत, उन्हानं लाल झालेली. चेलोवाला उंच होता. पियानोवाले गृहस्थ वयस्कर होते. त्यांनी झाकण उघडलं, एक पट्टी दाबली, ती वर यायची वाट पाहिली आणि झाकण हळूच मिटलं. मग पियानोवर दोन वेळा थोपटल्यासारखं केलं आणि प्यायला पाणी मागितलं. मी इंग्रजीतून खुलासा सुरू केला, पण केळीच्या वाहतुकीला लागणारं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. दोघंच वाजवतील, असं हालिना म्हणाली. ती सारखी शेजारच्या घराकडे बघत होती. तिला आत नेलं तेव्हा आबा उठून मागच्या अंगणात गेले. धुरपदाबाईंनी तिला बसायला दिलं, पुढ्यात केळी ठेवली. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. दोघींना बोलायचं होतं आणि मधे भाषा म्हणून मी एकटा होतो.

संध्याकाळी हॉल भरला. कूलर लावले तर वाद्यं ऐकू येत नव्हती आणि बंद केले तर माणसं टिकत नव्हती. बंद केले. आधी भजन झालं. मग सत्कार. त्या उकाड्यात तिघांना शाली पांघरवल्या आणि त्यांनी त्या काढल्या नाहीत, कारण काढायच्या असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग भाषणं. प्रमुख पाहुणे डाळमिलवाले शेठ होते. त्यांनी अभिमनला कधी पाहिलेलं नव्हतं. ते म्हणाले, तो संगीताचा दर्दी होता, गोड गळ्याचा होता, सोन्यासारखा होता. पुढच्या वक्त्यांनी सोन्याला आणखी उजळा दिला. मी ओळखत होतो त्या अभिमननं त्या एका सुट्टीत माझ्या स्कूटरचा आरसा फोडला होता आणि माझ्या तोंडावर "मी नाही" म्हणाला होता. पण असं कोणी बोलत नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं, ही आपली रीत आहे. मीही प्रास्ताविकात तेच बोललो होतो. पहिल्या रांगेत आबा आणि धुरपदाबाई परक्या कोणाच्या तरी शोकसभेला आल्यासारखी बसली होती.

अखेर दोघं वाजवायला लागले. खरं सांगतो, मला वाटलं होतं त्याहून ते फार जवळचं वाटलं. चेलो हे वाद्य म्हाताऱ्या माणसानं जेवणानंतर ओसरीवर बसून बोलावं तसं बोलतं. पहिला तुकडा संपला. टाळ्या पडल्या. मी धुरपदाबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. हे नव्हे.

दुसरा झाला. त्यांनी मान हलवली. तिसरा पोलंडमधल्या आजकालच्या संगीतकाराचा होता. त्यात मधेच कुरकुर, मधेच टिचकी, मधेच लांब शांतता. मागून कोणीतरी कुजबुजलं, "ह्यांच्या वाद्यावर बी पाणी मारलं का काय?" मला त्याचा राग आला, आणि तीच शंका मलाही आली होती म्हणून जास्त आला. धुरपदाबाई पुढे झुकून, हात कानाशी नेऊन एकेक सूर ऐकत होत्या. तुकडा संपला तशा त्या मागे टेकल्या. मान हलवायचंही त्यांनी सोडून दिलं. कार्यक्रम पुढे सरकत होता आणि मला घाम फुटत होता. शेवटचा तुकडा झाला. दोघं उठून वाकले. लोकही उठायला लागले.

सगळं मिळून तास-सव्वा तासाचं काम, आणि त्यात ते नव्हतं. मी आभार मानायला माईक हातात घेतला, कारण त्याशिवाय दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. तेवढ्यात धुरपदाबाई उठल्या आणि सरळ स्टेजच्या पायऱ्या चढून हालिनासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, सांगा तिले. तो म्हनायचा ते राह्यलं."

मी सांगितलं. हालिनानं थोडा विचार केला. ती म्हणाली, खालच्या मजल्यावर ती सरावाला एक चाल नेहमी वाजवायची, वर त्याला ऐकू यायची, बहुतेक तीच. तिनं शाल खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली आणि वाजवलं. लहानशी, सुरेख चाल होती. उठलेले लोक उभेच राहिले.

"नही," धुरपदाबाई म्हणाल्या. "हे बी नही. जाऊ द्या, भाऊ. मलेच याद नही. मलेच आता याद नही त्याचं."

मी हालिनाला सांगितलं की हे ते नव्हे. तिनं धुरपदाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी बदललं आणि ती इंग्रजीत मला म्हणाली, "अभिमनला गाता येत नव्हतं. अजिबात नाही. इतकं वाईट गाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

"काय म्हनते ती?" धुरपदाबाईंनी विचारलं.

हॉल शांत होता. प्रमुख पाहुणे समोर बसले होते. गोड गळा हे शब्द अजून माईकमध्ये होते. "ती म्हणते," मी म्हणालो, "त्याची गाण्याची पद्धत स्वतंत्र होती."

हालिना माझ्यासाठी थांबली नाही. तिनं व्हायोलिन पुन्हा उचललं आणि तीच चाल सुरू केली, पण वाकडी. वर चढायचं तिथे सूर निम्म्यात घसरला. ती थबकली, मागे गेली, पुन्हा चढली, पुन्हा तिथेच घसरली. मग तो सूर टाळून पुढे पळाली आणि शेवट भलत्याच ठिकाणी जाऊन टेकवला. चांगल्या वाजवणाऱ्याला इतकं चुकायला किती लक्ष देऊन ऐकलेलं असावं लागतं, याचा मी अजून विचार करतो.

धुरपदाबाईंनी तोंडावर पदर धरला. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच वं माय. असंच म्हनायचा." आणि त्या रडायला लागल्या. रडता रडता मधेच हसल्या, आणि मग दोन्हीचा मेळ बसेना तशा खाली स्टेजवरच बसल्या.

खालून कोणीतरी बोललं. मला वाटलं शेठ. पण ते आबा होते. पहिल्या रांगेत ते उभे राहिले होते.

"बेसूर व्हता," आबा म्हणाले. "लहानपनापासून बेसूर. शायेत प्रार्थनेले मास्तर त्याले म्हने, अभिमन, तू नुसते ओठ हालव."

मुलाचं नाव त्यांच्या तोंडून मी तीन वर्षांनी ऐकत होतो. आबा पायऱ्यांपर्यंत आले. तिथून त्यांना वर चढवेना. कठड्याला धरून ते उभे राहिले.

"तिले इचारा," धुरपदाबाई मला म्हणाल्या, "तो असं म्हने तव्हा ती हसायची का त्याले?"

मी विचारलं. हालिना म्हणाली, "रोज." मी ते मराठीत सांगितलं.

"मंग बरं," धुरपदाबाई म्हणाल्या. "एकटा नव्हता." त्यांनी हात वर करून तिच्या दंडाला धरलं आणि तिला खाली आपल्याजवळ बसवलं. "सांगा भाऊ, अजून एकदा वाजव म्हना. पन बरोबरवालं नको."

हालिनानं बसल्या बसल्या पुन्हा वाजवलं, तसंच चुकीचं. आबा डोळे मिटून ऐकत होते, आणि जिथे सूर घसरत होता तिथे बरोबर त्यांची मान हलत होती. शेठ उभे होते. इंदिराबाईंनी पदर डोळ्याला लावला होता. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं, माईकही माझ्या हातात होता. मी तो बंद केला आणि खाली ठेवला.